चांद्याचे लोखंड

चंद्रपूरच्या ईशान्येस लोहारा नावाचे एक गाव आहे. तेथील टेकडीवरचा दगड हातात घेतला, तर तो नेहमीच्या दगडाहून पुष्कळच जड लागतो. कारण तो लोखंडाचा दगड आहे. दूर आग्नेयेस, एटापल्लीच्या अरण्यातील सुरजागडचा डोंगरही अशाच दगडाने भरलेला आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाचे थर आहेत. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख तर अकबराच्या काळातील ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथात आढळतो. या साऱ्या मुलखाला पूर्वी चांदा म्हणत. १९६४ मध्ये त्याला चंद्रपूर हे जुने नाव पुन्हा मिळाले आणि १९८२ मध्ये त्याच्या पूर्वेकडील भागाचा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

या मुलखावर अनेक शतके गोंड राजांचे राज्य होते. चंद्रपूरचा भव्य परकोट आणि बल्लारपूरचा किल्ला त्यांच्या वैभवाची साक्ष देत आजही उभे आहेत. त्या काळी येथे लोखंड गाळण्याचा धंदा चाले. मातीची लहानशी भट्टी बांधावी, तीत लोखंडाचा दगड व लाकडाचा कोळसा यांचे थर घालावेत आणि कातडी भात्याने वारा देत राहावे, अशी ही रीत होती. कित्येक तासांनी भट्टीच्या तळाशी लोखंडाचा गोळा तयार होई. तो तापवून व घणाने ठोकून त्यातील मळी काढून टाकीत. त्यातूनच नांगराचे फाळ, कुऱ्हाडी आणि विळे घडत. दगड डोंगराचा, कोळसा रानाचा आणि कसब घरचे! या धंद्याला बाहेरून काही आणावे लागत नसे.

१७५१ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी गोंड राजा नीलकंठशहा याचे राज्य घेतले. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजी तोफांनी चांद्याचा तट फोडला. पुढे १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि दुसऱ्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसी याने नागपूरचे राज्य खालसा केले. अशा रीतीने चांदा इंग्रजी अमलाखाली आला.

तेथील लोकांनी हा अंमल निमूटपणे स्वीकारला नाही. मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके याने १८५८ च्या मार्च महिन्यात सुमारे पाचशे माणसे जमवून राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. अरण्याच्या वाटा त्यांना घरच्या अंगणासारख्या परिचित होत्या. इंग्रजी फौज मात्र तेथे चाचपडत होती. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याच्या तळावर बंडवाल्यांनी छापा घातला. त्यात दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले.

बळाने बाबूराव हाती येईना, तेव्हा कॅप्टन क्रिक्टन या अधिकाऱ्याने अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई हिच्यावर दडपण आणले. तिच्या माणसांकरवी सप्टेंबरमध्ये बाबूराव पकडला गेला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाजवळ त्याला फाशी देण्यात आली. तेव्हा त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. लक्ष्मीबाईला बक्षीस म्हणून गावे मिळाली. तारेचा खांब आपल्या रानात कशासाठी रोवला जात आहे, हे बाबूरावाने नेमके ओळखले होते. कारण तारेमागून येते ती सत्ता, आणि सत्तेमागून येतो तो कायदा.

कायदा आलाच. १८६५ व १८७८ या वर्षी सरकारने जंगलाचे कायदे केले. रेल्वेच्या रुळांखाली घालण्यासाठी आणि इमारतींसाठी सरकारला साग हवा होता, आणि चांद्याचा साग तर नामांकित! जी रानेे सरकारने राखीव ठरवली, तेथे परवान्यावाचून झाड तोडणे, गुरे चारणे किंवा आग लावणे हा गुन्हा झाला. माडिया लोक रानाचा तुकडा जाळून त्याच्या राखेत धान्य पेरीत. या शेतीला ते पेंडा म्हणतात. तिच्यावर बंधने आली. लोखंड गाळणाऱ्यांच्या भट्टीला लागणारा लाकडी कोळसाही याच रानातून येत असे. तो महाग व दुर्मीळ झाला.

कोळशाची खाण मात्र सरकारने तत्परतेने उघडली. वरोऱ्याचा कोळसा काढण्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत लोहमार्गाचा फाटा घालण्यात आला. आगगाडीने कोळसा आणि कापूस बाहेर नेला व परत येताना इंग्लंडमधील कारखान्यांचे स्वस्त लोखंड आणले. मग भात्याशी घाम गाळून तयार झालेल्या लोखंडाला बाजारात गिऱ्हाईक कोठून मिळणार? हळूहळू रानातील भट्ट्या विझत गेल्या. डोंगर मात्र लोखंडाने भरलेलाच राहिला.

या डोंगरांकडे जमशेटजी टाटांचे लक्ष गेले. १८७७ मध्ये त्यांनी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली होती. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाने चांद्याच्या लोखंडाविषयी लिहिलेला अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचा दगड आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा! पोलादाच्या कारखान्यास आणखी काय हवे? परंतु दोन अडचणी निघाल्या. पोलादाच्या मोठ्या भट्टीला भाजून टणक केलेला कोळसा लागतो. त्याला कोक म्हणतात. वरोऱ्याचा कोळसा त्या कामी उपयोगी पडेना. दुसरी अडचण सरकारी नियमांची. खनिजे शोधण्याच्या परवान्याच्या अटी इतक्या जाचक होत्या, की त्यांवर कोणी आपले भांडवल गुंतवू धजत नसे. हा विचार बाजूला ठेवण्यावाचून टाटांना गत्यंतर उरले नाही.

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत याच्या अगदी उलट घडत होते. तेथे ट्रान्सवाल नावाचे राज्य होते. डच वंशाचे बोअर शेतकरी इंग्रजांच्या अमलाला कंटाळून आत सरकले होते आणि तेथील मूळच्या आफ्रिकी लोकांच्या भूमीवर त्यांनी ते राज्य वसवले होते. १८८६ मध्ये तेथे सोन्याची अफाट खाण सापडली. जोहान्सबर्ग शहर तिच्याच काठी उभे राहिले. १८९९ मध्ये बोअर व इंग्रज यांच्यात युद्ध जुंपले. जखमींना उचलून नेण्यासाठी गांधीजींनी हिंदी लोकांचे पथक उभारले, ते याच युद्धात. १९०२ मध्ये तह झाला आणि ट्रान्सवाल इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे १९१३ च्या कायद्याने आफ्रिकी लोकांच्या वाट्यास देशातील जेमतेम सात टक्के जमीन ठेवण्यात आली.

सोने इंग्रजांना हवे होते, म्हणून त्यासाठी हजारो मैलांवर सैन्य गेले. लोखंड इंग्लंडात भरपूर होते, म्हणून चांद्याचे लोखंड पडून राहिले. हवी ती वस्तू न्यावी आणि नको ती पडू द्यावी, असा हा व्यवहार होता. रानात राहणाऱ्याला दोन्हीकडे कोणी विचारले नाही.

१८९९ मध्ये खाणींचे नियम सैल झाल्यावर टाटांनी पुन्हा प्रयत्न आरंभला. जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि वेल्ड नावाचे अमेरिकन तज्ज्ञ बैलगाडीतून चांद्याचे रान तुडवीत हिंडले. एकदा तर पाण्याअभावी त्यांना सोडावॉटरचा चहा करावा लागला! दगड उत्तम होता. पण साठे विखुरलेले होते. नाद सोडल्याचे सांगण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सरकारी कचेरीत गेले. कमिशनरसाहेब जागेवर नव्हते, म्हणून ते समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. तेथील एका नकाशात दुर्ग जिल्हा गडद रंगाने लोहयुक्त दाखवलेला त्यांना दिसला. त्या नकाशाने शोधाला नवी दिशा दिली. दुर्गचा डोंगरही जवळ योग्य कोळसा व पाणी नसल्याने सोडावा लागला. पण अखेर मयूरभंजचे लोखंड सापडले, साकची येथे कारखाना उभा राहिला आणि १९१२ मध्ये तेथे पहिले पोलाद निघाले. तेच आजचे जमशेदपूर होय.

चांद्याचा डोंगर मागे राहिला, पण विसरला गेला नाही. आता सुरजागडवरून यंत्रांनी दगड काढला जातो आणि ट्रक तो घेऊन जातात. कोणाला त्यातून रोजगार मिळाला आहे. कोणाचा या खाणीस विरोध आहे. माडिया लोकांच्या ठाकूरदेवाचे स्थान याच डोंगरावर आहे. दर वर्षी जानेवारीत आसपासच्या गावांतील माणसे यात्रेसाठी तेथे जमतात. पूजा आटोपल्यावर त्यांच्यात डोंगराच्या हक्काविषयीही बोलणे निघते.