पुढची पेटी कोणती?

बालाघाटच्या दक्षिणेस, महाराष्ट्राची सीमा ओलांडली की गोंदियाजवळ बिरसी येथे एक धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या सुमारास, इंग्रज सरकारने ती बांधली. आज तेथे वैमानिकांना शिक्षण दिले जाते. त्या शिक्षणाची लहान पांढरी विमाने आकाशात घरघरू लागली म्हणजे शेतात काम करणारा माणूसही क्षणभर हात थांबवून वर पाहतो, मग शाळेतील मुलांची गोष्ट काय सांगावी! ज्याने लहानपणी आकाशाकडे असे पाहिले, त्याला आपल्या टेबलावर एखादे विमान असावे असे वाटले तर त्यात नवल नाही.

या वाटण्यातूनच विमानांच्या प्रतिकृती जुळविण्याचा छंद जन्मास आला. प्लॅस्टिकचे सुटे भाग एका पेटीत मिळतात. ते कापावे, घासावे, डिंकाने जोडावे, रंगवावे आणि खऱ्या विमानाशी ताडून पाहावे, असा हा छंद आहे. परंतु या हौशी मंडळींचा आणखी एक छंद आहे आणि तोही पहिल्याइतकाच जुना आहे. पुढच्या वर्षी कारखाने कोणत्या विमानाची मोठी पेटी काढतील, याविषयी ते सतत आडाखे बांधीत असतात. “बाजारात तुरी” ही आपली म्हण त्यांना तंतोतंत लागू पडेल असे प्रथमदर्शनी वाटते. पण थोडे खोलात शिरले की या आडाख्यांमागे गणित, अर्थशास्त्र आणि इतिहास ही तिन्ही उभी असलेली दिसतात. म्हणूनच आम्ही हा विषय येथे घेतला आहे.

प्रथम ‘मोठी प्रतिकृती’ म्हणजे काय ते पाहू. जगात सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण १/७२ हे आहे. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचे मूळ फूट-इंचांच्या हिशेबात आहे. सहा फुटांना एक इंच असे माप धरले म्हणजे १/७२ होते आणि सहा फूट उंचीचा वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. एका फुटास पाव इंच धरले तर १/४८, तीन अष्टमांश इंच धरले तर १/३२ आणि अर्धा इंच धरला तर १/२४ होते. यांपैकी शेवटची दोन प्रमाणे मोठी समजली जातात. प्रसिद्ध स्पिटफायर विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर. तो १/७२ मध्ये साडेपंधरा सेंटिमीटरांच्या आसपास येतो, तर १/२४ मध्ये जवळजवळ ४७ सेंटिमीटर होतो. लांबी तिप्पट झाली. परंतु पृष्ठभाग नऊपट आणि आकारमान सत्तावीसपट वाढले. जे लहान प्रतिकृतीत नुसत्या रेघेने दाखवून भागते, ते मोठ्या प्रतिकृतीत खरोखर घडवावे लागते. आसनाचे पट्टे, चाकांची यंत्रणा, इंजिनाच्या नळ्या, सारे काही डोळ्यांना दिसते आणि म्हणून ते तेथे असावेच लागते.

आता या आडाख्यांचे पहिले सूत्र पाहू. पेटीतील प्लॅस्टिक स्वस्त असते. महाग असतो तो पोलादी साचा. साच्याचे दोन भाग घट्ट मिटवून त्यांत वितळलेले प्लॅस्टिक मोठ्या दाबाने भरतात आणि ते थिजल्यावर भागांची चौकट बाहेर काढतात. साचा कोरण्याचा खर्च पहिली पेटी विकली जाण्यापूर्वीच करून बसावा लागतो. मोठ्या प्रतिकृतीला भाग अधिक, चौकटी अधिक आणि साचेही अधिक लागतात. घेणारे मात्र कमी असतात, कारण किंमत जास्त आणि घरात ठेवावयास जागा थोडी. दुसऱ्या महायुद्धातील लँकेस्टर हे बाँबफेकी विमान १/३२ प्रमाणात केले तर त्याचे पंख ९७ सेंटिमीटर पसरतात. एवढी वस्तू ठेवण्यास कपाट कोठून आणावयाचे? तेव्हा ज्या विमानाचे नाव घरोघरी ठाऊक आहे, तेच कारखानदार आधी निवडतो. ब्रिटनच्या एअरफिक्स या संस्थेने १९५३ मध्ये आपले पहिले विमान काढले ते स्पिटफायर. १९७० मध्ये १/२४ प्रमाणाची पहिली मोठी पेटी काढली तीही स्पिटफायरचीच. आणि २०२२ मध्ये त्याच विमानाचा पुढचा प्रकार पुन्हा १/२४ मध्ये आणला.

दुसरे सूत्र पेटीतच दडलेले असते. चौकटीवर काही भाग असे सापडतात की जुळणीच्या कागदावर त्यांचा उपयोगच सांगितलेला नसतो. कधी शेपटीचा भाग मुद्दाम वेगळा तोडलेला असतो, तर कधी पंखांची टोके सुटी असतात. जाणकार लगेच ओळखतो की त्याच साच्यांतून या विमानाचा भाऊबंद लवकरच निघणार. जपानच्या तामिया या संस्थेने १/३२ स्पिटफायरचा नववा प्रकार २००९ मध्ये काढला आणि त्यामागोमाग आठवा व सोळावा हे प्रकारही आणले. एका मोठ्या खर्चात तीन पेट्या निघाल्या. येथे आडाखा म्हणजे ज्योतिष नव्हे, तर पुराव्यावरून केलेले अनुमान आहे.

तिसरे सूत्र असे की, ज्या विमानाला किती देशांचे रंग चढले हे मोजावे. मिग-२१ आणि हंटर ही दोन्ही विमाने अनेक देशांच्या वायुसेनांनी वापरली. एकाच साच्यातून निघालेले विमान एकजण आपल्या देशाच्या खुणांनी रंगवतो, दुसरा त्याच्या देशाच्या. त्यामुळे १/३२ प्रमाणात मिग-२१ ट्रम्पेटर या चिनी संस्थेकडून आणि हंटर रेव्हेल या संस्थेकडून निघाले, यात आश्चर्य नाही. आपल्या ‘मरुत’ची गोष्ट निराळी आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या देखरेखीखाली बंगळूर येथे त्याची रचना झाली आणि १७ जून १९६१ रोजी ते प्रथम उडाले. एकूण १४७ मरुत बांधले गेले. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी काम केले. परंतु ते आपल्याच वायुसेनेचे विमान राहिले. विमान म्हणून यात काही उणे नाही, पण मोठी पेटी काढणाऱ्याच्या हिशेबात मात्र ही बाजू लंगडी पडते.

चौथे सूत्र सर्वांत महत्त्वाचे आहे. मोजावयास खरे विमान हवे. तामियाने पोर्श मोटारीची प्रतिकृती करण्यासाठी खरी मोटारच विकत घेऊन तिचे भाग सुटे केले होते, ही गोष्ट या छंदात सर्वांना ठाऊक आहे. विमान असे सोडवून पाहता येत नाही. तेथे संग्रहालये उपयोगी पडतात. छायाचित्रे, जुने आराखडे आणि आता लेझर किरणांनी घेतलेली मापे यांच्या आधारावर साचा घडतो. जे विमान भंगारात गेले आणि ज्याचे आराखडे हरवले, त्याची मोठी पेटी निघण्याची आशा धरणे व्यर्थ होय. मरुतच्या बाबतीत दैव थोडे अनुकूल आहे. मुंबईत वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्रात एक मरुत उभे आहे आणि जर्मनीत म्युनिकजवळच्या विमान-संग्रहालयातही एक आहे.

सूत्रे सांगितली; आता सावधगिरीचा शब्दही सांगितला पाहिजे. न्यूझीलंडमध्ये विंगनट विंग्ज नावाची संस्था होती. चित्रपट-दिग्दर्शक पीटर जॅक्सन हे तिचे मालक. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या तिच्या १/३२ पेट्या २००९ पासून निघू लागल्या आणि त्यांची जगभर वाखाणणी झाली. पुढे तिने १/३२ लँकेस्टरची घोषणा केली. हौशी मंडळींनी पैसे साठविले, कपाटात जागा केली. तोच २०२० मध्ये ती संस्थाच बंद पडली. त्या मापाचे लँकेस्टर नंतर बॉर्डर मॉडेल या दुसऱ्याच संस्थेने बाजारात आणले. म्हणजे आडाखा चुकला नाही, पण वाट पाहण्याचा हिशेब मात्र चुकला. न्यूरेंबर्ग येथील हिवाळ्यातील खेळण्यांचे प्रदर्शन, शिझुओकाचे मे महिन्यातील आणि टेलफर्डचे नोव्हेंबरातील प्रदर्शन, या तिन्ही ठिकाणी दरवर्षी अशा घोषणा होतात. घोषणा ऐकावी, आनंद मानावा. पण पेटी हाती पडेपर्यंत तिला तुरीच समजावे.

मग बालाघाटच्या मुलाने काय करावे? नुसते आडाखे बांधीत बसावे काय? आम्हांस वाटते, येथेच या छंदाचा खरा कस लागतो. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांकडून १/७२ प्रमाणाच्या पाच लाख लाकडी विमान-प्रतिकृती मागविल्या होत्या. सैनिकांना आपले व शत्रूचे विमान दुरून ओळखता यावे, हा हेतू. दहा मीटरांवर धरलेली १/७२ ची प्रतिकृती ७२० मीटरांवरच्या खऱ्या विमानाएवढीच दिसते, हे गणित त्यामागे होते. त्या मुलांनी पेटीची वाट पाहिली नाही. त्यांनी आराखडा घेतला, लाकूड घेतले आणि काम सुरू केले.

आपल्या जिल्ह्यात सावरीचे हलके लाकूड आहे, बांबू आहे, पुठ्ठा तर घरोघरी आहे. मरुतची लांबी १५.८७ मीटर आणि पंखांचा विस्तार ९ मीटर. १/२४ मध्ये ती मापे ६६ आणि साडेसदतीस सेंटिमीटर होतात. शाळेच्या बाकावर सहज मावेल एवढे हे विमान कोणत्याही परदेशी कारखान्याच्या कृपेवर अवलंबून नाही. पहिला प्रयत्न वाकडा होईल, नाक जाड होईल, एक पंख दुसऱ्यापेक्षा वर जाईल. होऊ द्यावे. वाकडेपणा दिसू लागला म्हणजे डोळा तयार होऊ लागला असे समजावे.

आणखी एक काम आहे आणि ते थांबणारे नाही. १९६३ पासून आपल्या वायुसेनेत असलेले आणि नाशिकजवळ ओझर येथे बांधले गेलेले मिग-२१ हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निरोप घेऊन निवृत्त झाले. निवृत्त विमाने कोठे चौकात, कोठे संस्थेच्या आवारात चौथऱ्यावर उभी केली जातात. ऊन-पावसात त्यांचा रंग उडतो, खुणा पुसट होतात, काचा धुरकटतात. अशा विमानाजवळ जाण्याचा योग आला तर परवानगी घेऊन त्याची छायाचित्रे काढावी, दोरीने मापे घ्यावी, कोठे कोणते अक्षर कोणत्या रंगात आहे ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पन्नास वर्षांनंतर एखादा कारखानदार मोठी पेटी काढावयास निघेल, तेव्हा त्याला याच वह्यांची गरज लागेल. वह्या नसतील तर साचाही होणार नाही, आणि आपल्या विमानाची आठवण नुसत्या नावापुरती उरेल.

पुढची पेटी कोणती, हा प्रश्न हौशी मंडळी यापुढेही विचारीत राहतील आणि त्यांनी तो जरूर विचारावा. पण त्या प्रश्नाचे निम्मे उत्तर कारखान्यात ठरते आणि निम्मे मोजमाप करणाऱ्याच्या वहीत. पहिले आपल्या हाती नाही; दुसरे आहे. बिरसीचे विमान पुन्हा डोक्यावरून गेले म्हणजे वर जरूर पाहावे, आणि मग खाली पाहून कागदावर त्याचा आराखडा काढावयास बसावे.