व्यवसायाचा रकाना

रोग्यास जे प्रश्न विचारावयाचे, त्यांत त्याच्या व्यवसायाचा प्रश्न वाढवावा, असा उपदेश इटलींतील रामाझिनी नांवाच्या वैद्यानें १७०० सालीं आपल्या ग्रंथांत केला. एका रोग्याच्या बाबतींत जें खरें, तेंच सबंध समाजाच्या बाबतींतहि खरें आहे. म्हणूनच आरोग्याची पाहणी करणारे लोक वय व शिक्षण यांबरोबर व्यवसायहि पुष्कळदां लिहून घेतात.

ही माहिती वर्गवार मांडिली, म्हणजे आजार व मृत्यु कोठें अधिक आहेत तें दिसूं लागतें. इंग्लंडांतील स्टीव्हन्सन या संख्याशास्त्रज्ञानें १९११ सालच्या आंकड्यांत बापाच्या व्यवसायावरून कुटुंबांचे वर्ग पाडले. तेव्हां अकुशल मजुरांच्या घरीं तान्ह्या मुलांच्या मृत्यूचें प्रमाण सर्वांत वरच्या वर्गाच्या जवळजवळ दुप्पट आढळलें. परंतु गरीब शेतमजुरांच्या घरीं तें त्याहून बरेंच कमी निघालें. तात्पर्य, केवळ पैशानें आरोग्य ठरत नाहीं; काम कोणतें व वस्ती कोठें, यांवरहि तें अवलंबून असतें.

आपल्या देशांत प्रसाद यांनीं १९६१ सालीं दरडोई मासिक उत्पन्नावरून पांच वर्ग सुचविले. शहरांतील कुटुंबांसाठीं कुप्पुस्वामी यांनीं १९७६ सालीं शिक्षण, व्यवसाय व उत्पन्न या तिहींस गुण देण्याची रीत प्रसिद्ध केली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत घर, पाण्याची सोय, वाहन इत्यादींवरून लोकांचे पांच समान भाग करितात.

आतां ही मोजपट्टी आपल्या पेण-रोह्यास लावून पाहूं. खारेपाटांतील एखादा गृहस्थ पावसाळ्यांत भात लावतो आणि पाऊस सरल्यावर मिठागरांत राबतो. कित्येक कातकरी कुटुंबें पावसाळा संपतांच वीटभट्टीवर जातात. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत पुरुषांबरोबर स्त्रियाहि काम करितात. रोह्याजवळील धाटाव येथें रासायनिक कारखाने आहेत. तेथें जाणाऱ्या कामगाराची घरीं शेतीहि असूं शकेल. यांपैकीं पुष्कळांच्या नांवापुढें ‘शेती’ हा एकच शब्द लिहिला जाणें अगदीं संभवनीय आहे.

त्या एका शब्दानें काय झाकलें जातें? मिठागरांत पायांस होणाऱ्या जखमा व पांढऱ्या मिठावरून डोळ्यांवर येणारें ऊन, भट्टीचा धूर, मूर्ति घासतांना उडणारी धूळ. कागदावर काम नाहीं, तर त्या कामापासून होणारा आजारहि कागदावर दिसणार नाहीं. आणि जो दिसत नाहीं, त्याचा उपाय कोण योजणार? घरच्या कर्त्या पुरुषाचाच व्यवसाय लिहिला, तर रंगकाम करणाऱ्या त्याच्या पत्नीचा खोकला अकारण वाटेल.

कित्येकांस आपलें काम सांगण्याचा संकोच वाटतो. परंतु येथें वर्ग म्हणजे माणसाची योग्यता नव्हे. तो वर्ग त्याच्या कष्टाचें व त्यांतील धोक्याचें माप आहे.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, उद्यां पाहणी करणारा तुमच्या दारीं आला, तर चार गोष्टी त्यास सांगाव्या: काम कोणतें, वर्षाचे कोणते महिने, स्वतःचें कीं मजुरीनें, आणि घरांत आणखी कोण कोण कामाला जातें. आईबाप लिहितेवाचते नसतील, तर हें सांगण्याचें काम तुमचें आहे. पालकांनींहि ही माहिती निःसंकोच द्यावी. रकाना लहान असला, तरी तो खरेपणानें भरला तरच आपल्या तालुक्याचें दुखणें कोठें आहे हें कळेल.