चांदीची डिश, पण पोटात तांबे!

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये श्रीमंतांच्या टेबलावर जेवण वाढले जाई ते चांदीच्या, झाकणाच्या डिशमधून. शुद्ध चांदी फार मऊ असते. म्हणून १००० भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले बहुधा तांबे, अशी 'स्टर्लिंग' चांदी वापरीत. अशा भांड्याचा कस तपासून त्यावर सिंहाची मुद्रा उठवीत. पण ही भांडी सामान्य व्यापाऱ्याला, शिक्षकाला कोठून परवडणार?

उत्तर सापडले शेफील्ड गावात. टॉमस बोल्सोव्हर हा सुऱ्या बनविणारा कारागीर १७४३ च्या सुमारास एक मूठ दुरुस्त करीत होता. ती जास्त तापली आणि तिच्यातील चांदी व तांबे एकमेकांना घट्ट चिकटले, असे सांगतात. यातूनच 'शेफील्ड प्लेट'चा जन्म झाला.

डाख न देता हे सांधले कसे? चांदी ९६२° सेल्सियसला वितळते, तांबे १०८५° ला. मात्र ७२ भाग चांदी व २८ भाग तांबे यांचे मिश्रण ७८० अंशांच्या आसपासच वितळते! आइस्क्रीमच्या पॉटमध्ये आपण बर्फात मीठ घालतो, तेथेही हेच घडते. बर्फ ०° ला आणि मीठ ८०१° ला वितळते. पण दोन्ही एकत्र आली की शून्याखालीही पाणी होते. तसेच येथे. दोन्ही धातू घनच राहतात, फक्त जेथे ते एकमेकांना टेकतात तेथील पातळ थर वितळतो आणि थंड होताच सांधा पक्का होतो.

कारागीर तांब्याच्या विटेवर चांदीचा पत्रा तारेने बांधीत, कडेला टाकणखार लावीत आणि भट्टीत ठेवीत. भट्टीच्या भोकातून एकजण टक लावून बघे. कडेची चांदी चकाकून वितळू लागली की वीट झटकन बाहेर! क्षणभर उशीर झाला, तर चांदी तांब्यात विरून माल फुकट जाई.

मग ही वीट रुळांमधून लाटीत. समजा, तांबे ४० मिलिमीटर आणि चांदी १ मिलिमीटर जाड आहे. लाटून तांबे १ मिलिमीटर केले, तर चांदी उरेल १/४० मिलिमीटर. जाडी घटली तरी प्रमाण तेच! लाटताना पत्रा कडक होई; म्हणून तो मधून मधून तापवून मऊ करावा लागे.

सुरुवातीला चांदी एकाच बाजूला असे. मागच्या बाजूला आपल्या तांब्याच्या भांड्यांप्रमाणे कल्हई करीत. पत्रा कापला की कडेला तांब्याची लाल रेघ दिसे. ती झाकण्यासाठी चांदीचा पदर कडेवरून दुमडीत. पुढे चांदीची तार बसवू लागले. आजही कडेखालून नख फिरवले, तर हा पदर हाताला लागू शकतो.

१८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेने चांदीचा मुलामा देण्याचे पेटंट घेतले आणि शंभर वर्षांची ही कला मागे पडली. असा मुलामा पुष्कळदा 'जर्मन सिल्व्हर'वर देत. यात चांदी मुळीच नसते. असते तांबे, निकेल व जस्त. आपल्याकडील 'जर्मनची भांडी' मात्र ॲल्युमिनियमची, हे विसरू नका.

आता डिश न कापता तिचे पोट कसे ओळखाल? आर्किमिडीजला विचारा! स्टर्लिंगची घनता सुमारे १०.४, तर तांब्याची ८.९६ आहे. हवेत ९०० ग्रॅम भरणारी डिश दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवा. वजन सुमारे ८७ ग्रॅमने घटले, तर ती स्टर्लिंगची असू शकेल. १०० ग्रॅमच्या आसपास घटले, तर आत तांबे आहे. मात्र मूठ पोकळ किंवा लाकडी असेल, तर हा हिशेब चुकेल. का, ते तुम्हीच सांगा.

एक सूचना : अशी जुनी डिश राखेने घासू नका. वरची चांदी झिजली, की आतले लाल तांबे स्वतःहून सत्य सांगू लागेल!