आखाड्यातील भगिनी : हमीदा बानू

बडोदे म्हटले की मराठी घरांत जुम्मादादा व्यायाममंदिराचे व प्रोफेसर माणिकरावांचे नाव निघतेच. आपल्या पलसाण्याच्या उत्तरेस असलेल्या याच बडोद्यात मे १९५४ मध्ये हमीदा बानू या स्त्री-मल्लाने बाबा पहिलवान यांना अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले.

हमीदा बानू मूळच्या मिर्झापूरच्या. अलीगढला सलाम पहिलवानांच्या हाताखाली त्या तयार झाल्या व तिकिटे लावून होणाऱ्या कुस्त्यांत उतरल्या. स्त्री-मल्ल विरळा असल्याने त्या पुरुषांशीच लढत. ‘मला हरवील त्याच्याशी विवाह करीन’, असे आव्हान त्यांनी फेब्रुवारी १९५४ मध्ये दिले. पतियाळा व कलकत्ता येथील मल्लांना हरवून त्या बडोद्यास आल्या. तेथे छोटे गामा यांनी बाईशी लढण्यास नकार दिला, म्हणून बाबा पहिलवान पुढे आले.

परंतु प्रतिस्पर्ध्यापेक्षा लोकमतच अधिक अवघड ठरले. त्यांच्या कुस्त्या नुरा असतात, असा आक्षेप घेतला जाई. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरास तर पुरुषाला हरविल्याबद्दल त्यांच्यावर दगडफेक झाली.

पुढे काळ पालटला. मार्च २०२३ मध्ये सांगलीस पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली व ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी जिंकली. आखाड्याचे दार आता मुलींना उघडे आहे. त्या दारापर्यंत आपल्या लेकींना हात धरून नेणे, हे आपणा पालकांचे काम होय.