ऑनलाइन चित्रफितींद्वारे दैनंदिन इंग्रजी शब्दसंपत्तीचे अध्ययन : शक्यता, मर्यादा आणि कार्यपद्धती

सारांश

मराठी माध्यमातून शिकून महाविद्यालयात आलेले अनेक विद्यार्थी ऑनलाइन चित्रफिती पाहून इंग्रजी शिकण्याचा प्रयत्न करतात. त्यांतून शब्दांची ओळख वाढते; मात्र बोलताना तेच शब्द आठवत नाहीत, असा अनुभव येतो. प्रस्तुत लेखात या अनुभवामागील कारणांचे विवेचन केले असून, मराठी भाषकाच्या विशेष अडचणी लक्षात घेऊन एक सुलभ कार्यपद्धती सुचविली आहे.

बीजशब्द : दैनंदिन इंग्रजी, शब्दसंपत्ती, ऑनलाइन चित्रफीत, स्मरण, मराठी भाषक विद्यार्थी.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या कारकिर्दीत, २००० सालापासून, मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. त्यामुळे आज पदवीच्या वर्गात प्रवेश घेणारा विद्यार्थी किमान बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. असे असूनही एक विसंगती वारंवार दिसते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला प्रकाशसंश्लेषणाचा इंग्रजी प्रतिशब्द अचूक सांगता येतो. परंतु झारा, केरसुणी, किसणी किंवा सुट्टे पैसे यांना इंग्रजीत काय म्हणतात, असे विचारल्यास तो अडखळतो. पाठ्यपुस्तकाची इंग्रजी आणि घराची, रस्त्याची, दुकानाची इंग्रजी यांत अंतर राहून गेलेले असते. नोकरीच्या मुलाखतीत किंवा परगावी गेल्यावर हे अंतर जाणवते आणि विद्यार्थ्याचा आत्मविश्वास खचतो.

हे अंतर भरून काढण्यासाठी पूर्वीच्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा आधार घेतला. त्यानंतर आकाशवाणी व दूरदर्शन आले. ‘यूट्यूब’ या संकेतस्थळावर पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी प्रसिद्ध झाली. २०१६ नंतर भारतात मोबाईलवरील डेटा स्वस्त झाल्याने हे साधन खेड्यापाड्यांतील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. साधन सुलभ झाले. पण त्याचा उपयोग कसा करावा, याचा विचार त्या मानाने कमी झाला. तो करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. दैनंदिन शब्दसंपत्तीची व्याप्ती

दैनंदिन व्यवहारासाठी किती शब्द लागतात, हा प्रश्न जुना आहे. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ची योजना मांडली, तीत केवळ ८५० शब्द होते. मायकेल वेस्ट यांनी अविभाजित बंगालमध्ये ढाका येथे दीर्घकाळ शिक्षणकार्य केले होते. त्यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० सर्वोपयोगी शब्दांची सूची प्रसिद्ध केली. पुढील काळात ‘शब्दकुल’ हे मोजमाप रूढ झाले. मूळ शब्द आणि त्यापासून साधलेली रूपे यांचे मिळून एक शब्दकुल होते. पॉल नेशन यांनी २००६ मध्ये असे दाखविले की, बोललेल्या इंग्रजीतील सुमारे ९८ टक्के शब्द परिचित असावयाचे असतील, तर ६००० ते ७००० शब्दकुले माहीत असावी लागतात. स्टुअर्ट वेब आणि मायकेल रॉजर्स यांनी २००९ मध्ये दूरचित्रवाणी कार्यक्रमांचा अभ्यास केला. विशेषनामे वगळता ३००० शब्दकुले अवगत असल्यास अशा कार्यक्रमांतील सुमारे ९५ टक्के शब्द ओळखीचे ठरतात, असे त्यांना आढळले.

या आकड्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, हे काम अवाढव्य असले तरी अमर्याद नाही. दुसरी, ज्याच्याजवळ हजारभरच शब्द आहेत, त्याने थेट इंग्रजी चित्रपट पाहावयास घेतल्यास त्याच्या पदरी फारसे काही पडत नाही. सामग्री आपल्या पातळीच्या किंचितच वर असावी, हे स्टीफन क्रॅशन यांचे प्रतिपादन येथे मार्गदर्शक ठरते.

३. चित्रफितीचे सामर्थ्य

शब्दसूचीत शब्दापुढे त्याचा मराठी अर्थ असतो. चित्रफितीत शब्दाबरोबर वस्तू, कृती, आवाज आणि प्रसंग असतो. ॲलन पैव्हिओ यांच्या द्विसंकेत सिद्धान्तानुसार (१९७१) शब्द व प्रतिमा या दोन्ही मार्गांनी आलेली माहिती स्मरणात अधिक चांगली राहते. दैनंदिन शब्द बहुधा मूर्त वस्तूंचे व कृतींचे असल्याने त्यांना हा लाभ विशेषत्वाने मिळतो.

स्वयंपाकाच्या चित्रफितीचे उदाहरण घेऊ. ‘पील’, ‘चॉप’, ‘ग्रेट’, ‘स्टर’, ‘ड्रेन’ आणि ‘नीड’ या क्रियापदांचे अर्थ अनुक्रमे सोलणे, चिरणे, किसणे, ढवळणे, निथळणे आणि मळणे असे होतात. कोशात ते वाचून चटकन विसरले जातात. हात कृती करीत असताना ऐकले की लक्षात राहण्याची शक्यता वाढते. मात्र किसणे या अर्थाचा ‘ग्रेट’ आणि थोर या अर्थाचा ‘ग्रेट’ यांचे इंग्रजी उच्चार एकच असून लेखन भिन्न आहे. मळणे व गरज असणे या अर्थांच्या दोन्ही ‘नीड’ शब्दांचेही तसेच आहे. पहिल्याच्या लेखनात आरंभी अनुच्चारित ‘के’ असतो. म्हणून केवळ ऐकणे पुरेसे नाही, शब्द डोळ्यांखालूनही जावा लागतो.

येथे मथळ्यांचे, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या त्याच भाषेतील ओळींचे, महत्त्व लक्षात येते. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतील ओळी देण्याची कल्पना मांडली. तिचा हेतू साक्षरता वाढविणे हा होता. परंतु ऐकलेला ध्वनी आणि लिहिलेले अक्षर यांची सांगड घालण्याचे तत्त्व इंग्रजी शिकणाऱ्यालाही लागू पडते. ‘यूट्यूब’वर इंग्रजीसाठी यंत्राने तयार होणारे मथळे २००९ पासून आले. त्यांत चुका होऊ शकतात. त्यामुळे शंका आल्यास कोश पाहणे श्रेयस्कर होय.

४. ओळखणे आणि वापरणे यांतील अंतर

‘‘मी रोज दोन तास चित्रफिती पाहतो, सारे समजते, पण बोलता येत नाही,’’ ही तक्रार इंग्रजीच्या शिक्षकांच्या परिचयाची आहे. तीत आळसाचा भाग नसून एक मानसशास्त्रीय तथ्य आहे. शब्द समोर आल्यावर तो ओळखणे आणि शब्द समोर नसताना तो आठवून वापरणे या दोन भिन्न क्षमता होत. चित्रफीत पहिल्या क्षमतेचा सराव देते. दुसरीचा सराव प्रेक्षकाला स्वतः करावा लागतो.

हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या दृष्टीने बोधप्रद आहेत. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने वाचल्यानंतर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. चित्रफीत संपताच ‘सर्व आले’ असे वाटणे हा पाच मिनिटांचाच अनुभव असतो. स्मरण कालांतराने क्षीण होते, हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते.

याच निकषावर ‘दहा मिनिटांत पन्नास शब्द’ अशा स्वरूपाच्या चित्रफिती तपासून पाहाव्यात. दहा मिनिटे म्हणजे ६०० सेकंद; प्रत्येक शब्दाच्या वाट्याला अवघे १२ सेकंद येतात. तेवढ्यात उच्चार, लेखन, अर्थ आणि उदाहरण उरकायचे असते. पुनरावृत्तीला त्यात जागाच राहत नाही. त्यामुळे अशा चित्रफिती फार तर उजळणीला उपयुक्त ठरतात.

५. मराठी भाषकाच्या सोयी आणि अडचणी

मराठी भाषक विद्यार्थी शून्यापासून आरंभ करीत नाही. टेबल, बस, तिकीट, स्टेशन, बटण असे अनेक इंग्रजी शब्द त्याच्या बोलीत रुळलेले असतात. मराठी लेखनपद्धतीही त्याच्या साहाय्याला येते. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांतील स्वरांसाठी मराठीने स्वतंत्र चिन्हे स्वीकारली आहेत. ‘वॉच’ आणि ‘व्हॅन’ असे निराळे लेखन करून इंग्रजीतील दोन भिन्न ध्वनींतील भेदही ती सूचित करते.

मात्र ओळखीचे शब्दच पुष्कळदा चकवतात. मराठी घरात ‘कुकर’ म्हणजे वाफेच्या दाबावर अन्न शिजविणारे भांडे; ब्रिटिश इंग्रजीत त्या शब्दाने शेगडी व भट्टी असलेले उपकरण सूचित होते. आपण ‘हॉटेल’मध्ये चहा पितो, इंग्रजीत हॉटेल प्रामुख्याने राहण्यासाठी असते. आपली ‘बॅटरी’ ब्रिटनमध्ये ‘टॉर्च’ आणि अमेरिकेत ‘फ्लॅशलाइट’ होते. मोटारीची ‘डिकी’ ब्रिटनमध्ये ‘बूट’, तर अमेरिकेत ‘ट्रंक’ ठरते. ‘फ्लॉवर’ म्हटल्यावर मराठी मनात भाजी येते. इंग्रजीत तो शब्द फुलाचा असून, पीठ या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही सर्वसाधारणपणे तसाच होतो. चित्रफिती नाना देशांतून येत असल्याने असे पर्याय एकमेकांत मिसळतात. निवेदक कोणत्या देशाची इंग्रजी बोलतो, याची नोंद घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दुसरी अडचण शब्दांच्या जोडणीची आहे. ‘साखर संपली’, ‘थंडी वाजते’, ‘लाइट गेली’ ही वाक्ये शब्दशः भाषांतरित केल्यास इंग्रजी वाक्य कृत्रिम होते. साखर संपली हे सांगताना इंग्रजी भाषक ‘रन आउट ऑफ’ हा प्रयोग सहज करतो. या प्रयोगातील तीनही शब्द विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे ठाऊक असतात. एकत्र आल्यावर होणारा अर्थ ठाऊक नसतो. सुटा शब्द टिपून ठेवण्याऐवजी संपूर्ण पदसमूह टिपावा, असे म्हणण्याचे कारण हेच होय.

तिसरी अडचण सांस्कृतिक आहे. जाऊ, नणंद, मेहुणी आणि भावजय या चारही नात्यांना इंग्रजीत एकच शब्द आहे. उलट ‘उष्टे’ या शब्दाला तिथे नेमका प्रतिशब्द नाही. प्रत्येक मराठी शब्दाचा जुळा इंग्रजीत शोधू नये, तर आशय कसा सांगतात ते पाहावे. चित्रफितीतील प्रसंग हे दाखवू शकतो, शब्दसूची दाखवू शकत नाही.

६. सुचविलेली कार्यपद्धती

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील पायऱ्या सुचविता येतात.

(१) निवड : तीन ते पाच मिनिटांची, एकाच परिचित कृतीवरची चित्रफीत निवडावी. उदा., चहा करणे, खोली झाडणे, बाजारहाट, बसचा प्रवास.

(२) पहिले दर्शन : मथळ्यांविना पाहून एकूण आशय समजून घ्यावा. वेग जास्त वाटल्यास तो कमी करण्याची सोय वापरावी.

(३) दुसरे दर्शन : इंग्रजी मथळे लावून पाहावे आणि केवळ आठ शब्द वा पदसमूह निवडावेत. वहीत लेखन, देवनागरीतील उच्चार, पूर्ण वाक्य आणि अर्थ यांची नोंद करावी.

(४) आठवण : वही मिटून ते आठ पदसमूह आठवून लिहावेत. हीच कृती दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी करावी.

(५) निवेदन : चित्रफितीचा ध्वनी बंद करून, दिसणाऱ्या कृतीचे वर्णन स्वतः मोठ्याने करावे. भाषा वापरताना आपल्या उणिवा आपल्याच लक्षात येतात, हा मेरिल स्वेन यांनी १९८५ पासून मांडलेल्या विचाराचा गाभा येथे उपयोगी पडतो.

(६) उपयोजन : तीच कृती घरी करताना तेच शब्द उच्चारावेत. स्वतःच्या घरातील वस्तूला चिकटलेला शब्द सहसा सुटत नाही.

आठवड्याला अशा दोन चित्रफिती घेतल्यास १६ पदसमूह होतात. वर्षाचे ४० आठवडे धरले तर ६४०, आणि पदवीच्या तीन वर्षांत १९२०. वेस्ट यांची सूची जवळपास एवढ्याच आकाराची होती, हे ध्यानात घेतल्यास या संथ गतीचे मोल कळते.

७. शिक्षकाची भूमिका

या पद्धतीत शिक्षक अनावश्यक ठरतो, असे नाही. योग्य चित्रफितींची निवड, उच्चारातील दुरुस्ती आणि मुख्य म्हणजे बोलण्यास श्रोता मिळवून देणे ही कामे त्यालाच करावी लागतात. अनेक घरांत एकच मोबाईल असतो आणि तो विद्यार्थ्यांच्या, विशेषतः विद्यार्थिनींच्या, हाती निवांतपणे येत नाही. अशा वेळी वर्गातील एका पडद्यावर आठवड्यातून एकदा चित्रफीत दाखवून, विद्यार्थ्यांच्या जोड्यांकडून ध्वनीविना निवेदन करून घेता येईल. त्यासाठी खर्चिक भाषा-प्रयोगशाळेची गरज नाही. चुकल्यास कोणी हसणार नाही, एवढी हमी मात्र वर्गात असावी लागते.

८. निष्कर्ष

(१) ऑनलाइन चित्रफीत दैनंदिन शब्दांची प्रसंगासह, ध्वनीसह आणि कृतीसह ओळख करून देते; या बाबतीत ती शब्दसूचीपेक्षा सरस आहे.

(२) केवळ पाहण्याने शब्द वापरता येत नाही. त्यासाठी न पाहता आठवणे, ठरावीक अंतराने उजळणी आणि प्रत्यक्ष उच्चारण आवश्यक आहे.

(३) मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द हे भांडवल आहे. परंतु त्यांचे बदललेले अर्थ तपासून घ्यावे लागतात.

(४) शब्दांच्या संख्येपेक्षा थोड्या पदसमूहांवरील प्रभुत्व अधिक फलदायी ठरते.

ज्या विद्यार्थ्याला ‘मला सारे समजते, पण बोलता येत नाही’ असे वाटते, त्याच्या बुद्धीत काही उणे नसते. त्याने अर्धे काम केलेले असते. उरलेले अर्धे काम चित्रफीत थांबविल्यानंतर सुरू होते, एवढे त्याला वेळीच सांगितले जावे.