वारंवार उडणारा फ्यूज काय सांगतो?

जुनी डिझेल जीप किंवा लहान ट्रक हा पुष्कळ शेतकरी कुटुंबांचा उजवा हात असतो. १९८०च्या दशकात हैदराबाद ऑल्विन व जपानची निस्सान यांच्या सहकार्याने जहिराबादला लहान ट्रक तयार होऊ लागले. १९८६ साली टाटांची ४०७ आली. त्या काळच्या बांधणीच्या गाड्या दणकट. परंतु त्यांचे वायरिंग वयोमानाने जीर्ण होते आणि मग एकच फ्यूज पुन्हा पुन्हा उडू लागतो.

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी ठिणगी लागत नाही. खटका ओढून बंद करायच्या जुन्या इंजिनात तर फ्यूज गेला तरी इंजिन चालूच राहते. त्यामुळे दुखणे अंगावर काढण्याची सवय लागते. परंतु रात्री भाजी भरून बोयनपल्लीच्या बाजाराकडे निघालेल्या गाडीचे मागचे दिवे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर विझले, तर मागून येणाऱ्या ट्रकला ती दिसणार कशी? येथे प्रश्न जिवाचा आहे.

फ्यूज हा रोग नव्हे, लक्षण आहे. ताप आला म्हणून कोणी थर्मामीटर फोडत नाही. तरीही पुष्कळजण उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा जाड तार बसवतात. हे अत्यंत घातक आहे. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. १० अँपिअरच्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज घातला, तर तार नऊपट तापली तरी तो उडणार नाही. मग फ्यूजऐवजी वायरच जळते आणि तिच्यासोबत कदाचित गाडीही.

प्रथम विचारावे : फ्यूज केव्हा उडतो?

१. बटण दाबताच उडत असेल, तर वायर कोठेतरी सोलून गाडीच्या पत्र्याला लागली आहे, किंवा त्या बटणावरचे उपकरण आतून बिघडले आहे.

२. खड्ड्यात गाडी आदळल्यावर उडत असेल, तर सोललेली वायर हलून मधूनच पत्र्याला लागते.

३. रिव्हर्स गिअर टाकताच उडत असेल, तर गिअरबॉक्सवरून मागच्या दिव्याकडे जाणारी वायर पाहावी.

४. काही वेळाने उडत असेल, तर भार जास्त आहे. ६० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतात. हौसेने १०० वॉटचे बसवले की हाच आकडा १६च्या पुढे जातो. अडकलेली वायपरची मोटरही असाच जादा प्रवाह ओढते.

काचेचा फ्यूज असेल, तर तोही साक्ष देतो. काच आतून काळवंडली असेल तर शॉर्ट. काच स्वच्छ राहून तार मधोमध वितळली असेल तर भार जास्त. फ्यूज टोकाशी वितळला असेल, तर त्याची पकड ढिली किंवा गंजलेली आहे. ती पॉलिश पेपरने घासून घट्ट करावी.

तपासणीसाठी फ्यूजमागून फ्यूज जाळू नयेत. इंडिकेटरचा २१ वॉटचा जुना तारेचा बल्ब घ्यावा, एलईडी नको. त्याला दोन वायरी जोडाव्यात. उडालेला फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांना त्या लावाव्यात. त्या फ्यूजवरचे सर्व दिवे, हॉर्न, मोटर सोडवून ठेवावे व बटण चालू करावे. आता बल्ब पेटता कामा नये. पेटला तर वायर पत्र्याला लागलीच आहे. वायरिंग टप्प्याटप्प्याने हलवत जावे. जेथे बल्ब लुकलुकेल तेथेच दोष सापडेल. या बल्बमधून दोन अँपिअरही जात नाहीत, त्यामुळे तपासणीत वायर तापत नाही. बल्ब मुळीच पेटला नाही, तर योग्य आकड्याचा नवा फ्यूज बसवून एकेक उपकरण जोडावे. ज्याने फ्यूज उडेल तेच दोषी.

कोठे शोधावे? पत्र्याच्या भोकातील रबर गळून पडलेली जागा, दाराच्या बिजागरीजवळ, चेसीच्या कडेने मागे गेलेली वायर, सायलेन्सरजवळचा भाग आणि मागच्या दिव्याचे गंजलेले होल्डर. गाडी कडब्याशेजारी उभी राहत असेल, तर उंदरांनी कुरतडलेली वायर अवश्य पाहावी.

वायर सोलली असल्यास नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. तेवढा तुकडा त्याच जाडीच्या वायरने बदलावा, नवे रबर बसवावे व वायर पट्टीने आवळावी. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अर्थची वायर सोडवावी. जुन्या पद्धतीचे फ्यूज, होल्डर व रबरे सिकंदराबादला राणीगंजच्या दुकानांतून शोधावीत. हीटर प्लगच्या वायरिंगला मात्र मोठा प्रवाह लागतो. ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे.

शेतकरी बंधूंनी योग्य आकड्याचे चार फ्यूज व एक टेस्ट बल्ब गाडीत कायम ठेवावा. आमची एवढीच विनंती की, पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी एक सकाळ या कामासाठी काढावी.