संगणकाचा दुभाषी

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल थांबविली. तेव्हांपासून पुष्कळ घरीं संगणक पुसून त्यावर विंडोज ११ नव्यानें घालण्याचा उद्योग चालला आहे. काम संपतें, पडदा उजळतो, आणि पाहावें तों इंटरनेट नाहीं! वायफायचें नांव दिसत नाहीं, तार जोडावी तर तीहि निर्जीव. कारण, नेटवर्कचा ड्रायव्हर विंडोजपाशीं नसतो. तो कोठें मिळेल? इंटरनेटवर. आणि इंटरनेट केव्हां मिळेल? ड्रायव्हर आल्यावर! आमच्या नैयायिकांनीं ह्यालाच अन्योन्याश्रय दोष म्हटलें आहे. होम आवृत्ति तर पहिल्या मांडणीच्या वेळींच इंटरनेट मागते, म्हणजे फास अधिकच आवळला.

ड्रायव्हर म्हटलें कीं सारथि डोळ्यांपुढें येतो. परंतु मला दुभाषी हा शब्द अधिक यथार्थ वाटतो. नेटवर्कची चिप आपल्या कारखान्याची बोली बोलते, विंडोज आपली. एकाचें दुसऱ्यास कळविणारा मधला प्रोग्राम तो ड्रायव्हर. मात्र हा दुभाषी ओसरीवर बसणारा पाहुणा नव्हे. तो बहुधा कर्नल नामक गाभाऱ्यांत वावरतो, आणि त्याची स्थापना करतांना आपण संगणकाचे सर्वाधिकार क्षणभर दुसऱ्याच्या हातीं देतों. एकत्र कुटुंबांत आजोबांचें पेन्शन, सूनबाईंचें बँकेचें खातें आणि नातवाचा परीक्षेचा अर्ज हीं सारीं एकाच यंत्रावर असतात. अशा घरांत, अर्जाची मुदत उद्यां संपते म्हणून, भलत्याच संकेतस्थळावरील मोठें हिरवें बटन दाबणें म्हणजे वाटसरूच्या हातीं तिजोरीची किल्ली देणें होय. ‘तुमचे तीस ड्रायव्हर जुने झाले, पैसे भरा’ असें भिववणारे फुकट प्रोग्रामहि ह्याच जातीचे.

फास सोडविण्याची सोपी युक्ति घरांतच असते. अँड्रॉइड फोन यूएसबी तारेनें संगणकास जोडावा व त्याच्या सेटिंग्जमध्यें यूएसबी टेदरिंग चालू करावें. (तार निव्वळ चार्जिंगची असूं नये, तिचा येथें उपयोग नाहीं.) फोनशीं बोलणारा दुभाषी विंडोजमध्यें मुळांतच असतो, त्यामुळें फोनचें इंटरनेट संगणकाला मिळतें, आणि विंडोज अपडेट पुष्कळदां हवा तो ड्रायव्हर आपण होऊन आणतें.

तसें न झाल्यास चिपची ओळख पटवावी. स्टार्टच्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडावा. तेथें ‘नेटवर्क कंट्रोलर’पाशीं पिवळें उद्गारचिन्ह दिसेल. पुढें प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज अशा क्रमानें गेलें म्हणजे एक लांबलचक ओळ समोर येते. तींत ‘व्हेन’पुढील चार अंकाक्षरें कारखान्याचीं, ‘डेव्ह’पुढील चार त्या विशिष्ट चिपचीं. पहिलें गोत्र, दुसरें नांव म्हणाना! गोत्र ८०८६ असल्यास इंटेल. १९७८ सालच्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाहि हाच क्रमांक. १०ईसी असल्यास रिअलटेक, १४ई४ असल्यास ब्रॉडकॉम. केवळ गोत्र जुळून भागत नाहीं. एकाच कारखान्याच्या दोन चिपांना निराळे ड्रायव्हर लागतात.

लॅपटॉप असल्यास त्याच्या पाठीवरील मॉडेलचें नांव टिपून त्या कंपनीच्याच संकेतस्थळावर जावें. जोडून घेतलेल्या डेस्कटॉपला मदरबोर्डाची कंपनी पाहावी. दुसऱ्या संगणकावर फाइल उतरवून ती पेनड्राइव्हनें आणली तरी चालतें. स्थापना झाली, यंत्र एकवार बंद करून चालू केलें, कीं वायफायचीं नांवें दिसूं लागतात, शेजाऱ्यांचींसुद्धां.

त्यानंतर ती फाइल पुसूं नये. पुन्हा विंडोज घालण्याचा प्रसंग येतोच; पेनड्राइव्हवर मॉडेलचें नांव चिकटवून तो विजेच्या बिलांच्या खणांत ठेवावा.